आमच्या भोंग्यावर गावाची मयत

आमच्या वस्तीचं स्वतःचं रेडिओ स्टेशन होतं असं मी सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. स्टेशन म्हणजे समाजमंदिराच्या खोलीत लाकडी खोक्यावर ठेवलेलं मशीन, त्याला जोडलेला माईक, मोटारीची एक बॅटरी आणि बाहेरच्या लिंबावर बांधलेला भोंगा. जामखेडच्या बाजूचं कोरडं गाव, गावाच्या उगवतीला आमची बौद्ध वस्ती आणि वस्तीपलीकडे नुसती कुसळं. मुंबईला गिरणीत गेलेल्या आमच्या माणसांनी मिळून ते मशीन जयंतीच्या मिरवणुकीसाठी पाठवलं होतं. मिरवणूक वर्षातून एकदा. बाकीचे दिवस ते कापडाखाली झाकून कशाला ठेवायचं, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याचं स्टेशन केलं.

सकाळी कामावर जायच्या आधी आबा माईकसमोर मांडी घालून बसायचे. "मंडळी, ऐका," एवढं म्हणून थांबायचे. लोकांनी हातातलं काम थांबवावं म्हणून ते थांबणं. गावातला रामराम आम्ही कधीच सोडला होता, तेव्हा धर्म बदलल्यावर आम्ही घेतलेला नमस्कार घालून ते पुढे बोलायला लागायचे. रेशनवर काय आलंय, मुकादम कोणत्या दिवशी ऊसतोडीची आगाऊ उचल घेऊन येणार, मुंबईहून कोण येऊन कुणाला काय निरोप सांगून गेलं, कुणाची शेळी कुणाच्या कुडात शिरली. पोरगं पास झालं की त्याचं नाव तीनतीनदा. आमच्यातलं कोणी गेलं तर तेही, मात्र एकदाच आणि हळू आवाजात. बॅटरीत दम असला तर रेडिओसमोर माईक धरून पुण्याच्या बातम्या लावायचे, आणि पुण्याची बाई आमच्या लिंबावरून बोलायची.

दिवस कलता वर्तमानपत्र वाचायचं काम माझ्याकडे होतं. मी मॅट्रिकला बसून घरी होते, सोयरीक जमायची होती. एसटी स्टँडवरच्या हॉटेलातून आदल्या दिवसाचा पेपर यायचा. माझा आवाज चिरका. पाण्यावर बायका म्हणायच्या, "आली गं बया पुन्याची!" मी म्हणायचे, तुम्ही वाचा मग. मला राग यायचा आणि आवडायचंही.

आमच्या स्टेशनला नियम असा एकच होता. गावाची मयत आमच्या भोंग्यावर सांगायची नाही.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी गावात कोणाकडे मयत झाली की त्यांच्या पाहुण्यांच्या गावोगाव खबर न्यायची ती आमच्या लोकांनी. ऊन असो, नदीला पाणी असो, निघायचं. गावकीचं काम, नाही म्हणायची सोय नव्हती. मेलेली ढोरं ओढायची तीही आम्हीच. माझ्या आजोबांचे पाय त्या खबरा नेण्यातच झिजले. परत आल्यावर मयतीच्या घरून धान्य मिळायचं, ते वरून, हात न लागता ओतलेलं. आबा त्याच्यावरच वाढले. धर्म बदलला तेव्हा वस्तीने बसून ठरवलं की आजपासून ढोर ओढायचं नाही आणि खबर न्यायची नाही. गावाने वर्षभर त्रास दिला, रानात काम दिलं नाही, पण आमचं कोणी मागे फिरलं नाही. हे सगळं आबांनी स्वतः केलेलं. त्यामुळे नियम कुणी लिहून ठेवायची गरज नव्हती.

स्टेशनला उतरती कळा लागली ती ट्रान्झिस्टरमुळे. गिरणीतली पोरं सुट्टीला आली की खांद्याला चामडी पिशवीतला ट्रान्झिस्टर. आधी दोन घरांत, मग दर घराआड. आबा बोलत असले तरी कुणाच्या तरी ओट्यावर सिनेमाची गाणी चालूच. आबा माईकवरून म्हणायचे, "मंडळी, दोन मिनिटं ते गाणं बारीक करा." करायचे नाहीत. एका पोराने तर आणखी मोठं केलं, आणि सगळे हसले. आबाही हसले, पण मला ते बघवलं नाही.

मग दुष्काळ पडला. बहात्तरचा, तोच. वस्तीतली निम्मी माणसं ऊस तोडायला कोल्हारच्या बाजूला गेली, राहिलेली रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. मीही फोडली, आईही. घरात रेशनचा तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली हलकी ज्वारी. त्याची भाकरी थापताना मोडायची आणि खाताना मोडायची नाही. बॅटरी सायकलवर बांधून जामखेडला चार्ज करायला न्यावी लागायची, ते न्यायला आता कोणाच्या अंगात त्राण होतं? नेली तरी ती चार्ज धरेना. आबांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येई, अर्ध्यात बंद पडे. रिकाम्या वस्तीत, बंद पडणाऱ्या मशीनवर, हा माणूस तरीही रोज "मंडळी, ऐका" म्हणत होता. आई म्हणायची, "मंडळी गेली कोल्हारला. आता कुनाला ऐकवता?" आबा म्हणायचे, "तुला."

तशात एक दिवस सरपंच वस्तीत आले. हा माणूस एरवी आबांना नावाने, अरे-तुरे करून हाक मारायचा. त्या दिवशी तोंडातून "तुमी" निघालं. मी मनात म्हटलं, आता काहीतरी मागणार.

"तुमचं मशीन झ्याक हाय, पर करंट न्हाई," सरपंच म्हणाले. "आमच्याकडं करंट हाय, मशीन न्हाई. पंचायतीतनं वायर वडून देतो. कामाची हजेरी, रेशन, लस टोचायचं, असल्या गावाच्या सूचना तेवढ्या सांगायच्या."

"सांगू की," आबा म्हणाले.

"आन् कुनाची मयत झाली तर तेवढी."

आई चुलीपासून म्हणाली, "तेवढी म्हंजे किती?" सरपंच हसून निघून गेले.

आबांनी दोन दिवस घेतले. वायर घेतली तर स्टेशन जगणार होतं, नाही घेतली तर त्या महिन्यातच मरणार होतं. दुसरा रस्ता नव्हता, आणि हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. आबांना त्या माईकशिवाय दुसरं काही नव्हतं. दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाणाऱ्या माणसाचं सकाळी गुपचूप ऐकणारी माणसं होती, म्हणून तो माणूस ताठ चालायचा.

शेवटी कामावर खडी फोडताना त्यांनी आम्हाला मुद्दा सांगितला. हातोडी खाली ठेवून, माईकसमोर बोलतात तसे थांबून बोलले. "पायानं निरोप घेऊन गेलं तर ती गावकी. पर आपल्या जागेवर बसून, आपल्या मशीनवर सांगितलं तर ती बातमी. पुन्याचं स्टेशन मोठ्या मानसाची मयत सांगतं का न्हाई? सांगनाऱ्याला कुनी काय म्हनतं का?"

मला पटलं. आजही पटतं, सांगून ठेवते. कागदावर मांडलं तर त्यात खोट काढता येणार नाही.

आई म्हणाली, "पुन्याच्या बाईच्या सासऱ्यानं खबरा न्हेल्या न्हवत्या." आणि पुन्हा खडी फोडायला लागली.

वायर आली. वायरमनने भोंगा थोडा वेशीकडे वळवला, म्हणजे गावालाही ऐकू जावं. आवाज असा खणखणीत झाला की पहिल्या दिवशी कुत्री भुंकत सुटली. आबांना हर्ष मावेना. दाढी करून बसायला लागले! हजेरी कुठल्या रस्त्यावर, मिलो कधी येणार, हे सगळं आता भोंग्यावर आधी कळायचं, म्हणून वस्तीतले ट्रान्झिस्टरवालेही कान द्यायला लागले. पाण्यावर बायका पुन्हा मला "पुन्याची बाई" म्हणून चिडवायला लागल्या. दिवसातनं एकदा तरी आबा म्हणायचे, "बघ, म्हनलं न्हवतं?" आई चूल फुंकत राहायची. ते दिवस चांगले गेले, दुष्काळातही माणूस खुशीत राहू शकतो हे मी तेव्हा बघितलं.

मग एका सकाळी गावातल्या एका मोठ्या शेतकरी घरची म्हातारी वारली. तिचा मुलगा समाजमंदिराच्या पायरीपर्यंत आला. आत आला नाही, बाहेरूनच बोलला. रडून डोळे लाल झालेले, बोलणं नीट. आबांनी ऐकून घेतलं, मशीन चालू केलं.

"मंडळी, ऐका." नेहमीसारखे थांबले. मग त्या घराचं नाव घेऊन म्हणाले, "यांच्या मातोश्री आज सकाळी वारल्या. दुपारी माती हाय. पाहुन्यारावळ्यांनी ध्यानात घ्यावं."

नमस्कार घालायचे ते विसरले, की मुद्दाम घातला नाही, मला सांगता येणार नाही.

वस्तीत कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, आबांकडे उत्तर तयार होतं. मी घागर घेऊन गेले तर बायका बोलायच्या थांबल्या. एक म्हातारी, जिचा नवरा आजोबांबरोबर खबरा न्यायचा, घागरीकडे बघतच म्हणाली, "झालं म्हनायचं पुन्हा सुरू." बस, एवढंच. मी तिला आबांचा मुद्दा सांगायला गेले. पुण्याच्या स्टेशनचं, मोठ्या माणसाच्या मयतीचं. ती म्हणाली, "असंल बाई." संध्याकाळी मी पेपर वाचत होते तेव्हा एकेका ओट्यावर ट्रान्झिस्टर लागत गेले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर त्या घरची सून आमच्या दारात आली. दारात म्हणजे अंगणाच्या कडेला, दारापुढे तुळस असते तेवढ्या अंतरावर म्हणा, आमच्याकडे तुळस नव्हती. डोक्यावर पाटी. डोळे सुजलेले, सासूवर जीव होता बिचारीचा.

"घ्या बाई," ती आईला म्हणाली. "खबर दिल्याचं हाय. सासूबाई असत्या तर त्यांनीच दिलं असतं. रीत हाय ना."

पाटीत ज्वारी होती. मिलो नव्हे, शाळू. पांढरा, टपोरा, त्यांच्या जमिनीखालच्या पेवात साठवलेला जुना. कित्येक महिन्यांत तसला दाणा आम्ही पाहिला नव्हता. त्या बाईच्या मनात अपमान करायचं काडीइतकंही नव्हतं. उलट दुष्काळात स्वतःच्या पेवातलं काढून आणलं होतं. म्हणूनच आम्हाला तिला काही बोलता येईना. बोलायचं काय? आमचा मुद्दा सांगायचा?

आईने पदर पसरला. त्या बाईने पाटी वर धरली आणि हात लागणार नाही अशी वरून ज्वारी ओतली. दाणे पदरात पडताना जो आवाज झाला तो घरात बसलेल्या आबांनी ऐकला असणार. ती गेली. आई पदर तसाच धरून आत आली आणि आबांच्या समोर उभी राहिली.

"काय करू ह्याचं?"

मला वाटलं, आबा म्हणतील फेकून दे, नाहीतर परत नेऊन दे. त्यांनी तसंच म्हणावं असं मला वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर तसं झालं असतं तर मी रडले असते, इतकी भूक होती.

आबा म्हणाले, "दळ."

आई जात्यावर बसली. आबा उठून समाजमंदिरात गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी पंचायतीची वायर मशीनमधून काढली, तिचं वेटोळं करून पायरीवर ठेवलं, ज्याची त्याने न्यावी म्हणून. माईक खोक्यात ठेवला, वर कापड टाकलं. मी म्हटलं, "आबा, वस्तीपुरतं तरी बोला. बॅटरी मी न्हेते जामखेडला." त्यांनी खोलीचं दार ओढून घेतलं. बाहेर दोघं-तिघं ओट्यावर गाणी ऐकत बसले होते. त्यांनी बघितलं आणि कुणी विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा भाकरी तव्यावर फुगली होती. मिलोची कधी फुगायची नाही. पेवातल्या जुन्या ज्वारीला एक उबट वास असतो, तो घरभर झाला होता. आईने तिखट-मीठ वाढलं. मी हावरटासारखी खाल्ली, मला लाज वाटली नाही. आबांनी पहिला घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबले.

"माझ्या बापानं आनलेली अशीच लागायची," ते म्हणाले.

मग ती संपवली, आणि आईकडे दुसरी मागितली.