ओ येईपर्यंत

माझा आवाज मोठा आहे, हे वेगळं सांगायची गरज नाही. आमच्या खोऱ्यात ते सगळ्यांना आधीच ऐकू आलेलं आहे. मी कोंडाजी. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी, रस्ता सोडून चांगली चढण चढलं की आमची वाडी लागते. तिथे फोनला रेंज नाही, म्हणून मला किंमत आहे. कुणाला निरोप धाडायचा असला की लोक मला बांधावर उभं करतात. मी दोन्ही हात तोंडाशी धरतो आणि पोटातून हाळी काढतो. ती समोरच्या कड्याला टेकते, जरा विसावा घेते आणि मग पलीकडच्या वाडीत उतरते. तिकडून "ओऽऽ" आली की काम झालं.

आमची एक रीत आहे. ओ आल्याशिवाय हाळी देणाऱ्यानं जागा सोडायची नाही. एकदा मी भर पावसात अंधार पडेस्तोवर उभा होतो, आणि ज्याला हाका मारत होतो तो माझ्याच घरात चहा पीत बसला होता. तोसुद्धा म्हणाला, "कोंडाजीचा गळा काय हाय!" पण ओ काही दिली नाही.

अलीकडे माझे कान मंदावलेत. घरचे म्हणतात, स्वतःच्याच आवाजानं गेले.

गेल्या श्रावणात माझी नात मैना उजाडताना उठली आणि म्हणाली, "आजा, डोळं उघडत नायत." पोर पहिलीत जाते, पण त्या दिवशी तान्ह्या बाळासारखी तिची मान कलंडायला लागली. तिच्या आईनं, शर्मिलानं, अंथरूण झटकलं तर खालून मण्यार निघाली. मी बांधावर धावलो. पलीकडच्या वाडीत भरतची जीप असते. अशी हाळी दिली की भरत एकाच पायात चप्पल घालून गाडीत बसला. पोलादपूरला इंजेक्शनं सुरू झाली, पण श्वास पुरेना, म्हणून तसंच तिला महाडच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथे तिच्या घशात नळी घातली आणि तिचा श्वास यंत्राच्या हाती दिला.

तिथले डॉक्टर आम्हाला म्हणाले, "विषानं तिचे स्नायू झोपलेत, ती झोपलेली नाही. पापणी उचलता येत नाही, बोट हलवता येत नाही, पण तिला ऐकू येतं. विष उतरलं की ती स्वतः श्वास घेईल, अशी आशा आहे. तोवर तिच्याशी बोलत राहा. घाबरली असेल ती."

एवढ्या बोलण्यातलं 'बोलत राहा' तेवढं मी मनावर घेतलं. म्हटलं, कोंडाजी, जन्मभर गळा कमावलास तो याचसाठी.

आत एका वेळी एकालाच सोडतात. मला हिरवा झगा, टोपी घातली आणि तोंडाला पट्टी बांधली. काचेत पाहिलं तर मी शेतातलं बुजगावणंच दिसत होतो, फक्त डोक्यावर मडकं नव्हतं. मैना पलंगावर एवढीशी पडलेली. इतकी लांब गेल्यासारखी वाटली की माझे हात आपोआप तोंडाशी गेले. पट्टी खाली ओढली आणि सोडली हाळी.

"मैना गोऽऽऽऽ!"

सिस्टरच्या हातातला ट्रे पडला. शेजारच्या पलंगावरचं तान्हं बाळ किंचाळलं. एक यंत्र टिंगटिंग करायला लागलं. मला क्षणभर वाटलं, तेच ओ देतंय. वॉचमन धावत आत आला. चोर कुठला ते त्याला लगेच कळलं.

"बाबा!" सिस्टर म्हणाली. तिचं नाव प्रियदर्शिनी, महाडचीच मुलगी. "हे आय. सी. यू. आहे, आंबेनळीचा घाट नाही!"

"घाटात यापरीस मोठ्यानं देतो, बाय," मी म्हटलं. हे म्हणायला नको होतं.

त्या संध्याकाळी मला आत सोडलं नाही. माझा मुलगा विनीत एम. आय. डी. सी.तली पाळी संपवून थेट आला. जिन्यात बसलेला मला पाहून म्हणाला, "आबा, भरतच्या गाडीनं घरी जा. इथं काय करनार?"

"हाळी दिलीय. ओ आलेली नाय."

विनीतही वाडीतच वाढलेला. रुमालानं माझ्यासाठी पायरी झाडली आणि शेजारी बसला.

त्या बाळाची आई मात्र मला शोधत आली. वाटलं, आता ही कानाखाली देणार. तिनं चहा आणला होता. म्हणाली, "बाळ चार दिवस रडलं नव्हतं. आज रडलं." त्या चहावर मी पुढे बरीच फुशारकी मारली. खरं तर तो कपात तसाच गार झाला होता.

मग मी हळू बोलायची तालीम सुरू केली. जिन्यात बसून भिंतीशी कुजबुजायचो. वॉचमननं विचारलं, "कसलं पारायण चाललंय?" विनीतला म्हटलं, "बघ, जमलं का?" तो म्हणाला, "आबा, याला हळू म्हनत नायत. पोलादपूरच्या स्टँडवर गाडी लागली की असं सांगतात."

शेवटी सिस्टरनंच शिकवलं. "बाबा, शब्द सोडायचा नाही. नुसता श्वास सोडायचा." मला आत नेलं आणि स्वतः खांद्याशी उभी राहिली, तापट बैलाशेजारी उभं राहावं तशी.

मी मैनाच्या कानाशी वाकलो. मोठ्यानं सांगायच्या गोष्टी मला शेकड्यानं येतात, सगळ्यांत वाघ आणि पूर. हळू सांगायची एकही येत नव्हती. मग वाडीच्या बातम्या सांगितल्या. शेळी व्याली. काळं करडू झालं, कपाळावर पांढरा टिळा. तेवढ्यात यंत्रानं तिची छाती वर उचलली आणि खाली ठेवली. "तुला देतो ते करडू," मी म्हटलं. खरं तर ते भरतला कबूल केलं होतं. "पन ओ दे, मैना. लय वेळ उभा हाय मी."

तिच्या गालावर माझं पाणी पडलं. ते सिस्टरनं पुसलं, आणि माझं नाक पुसायला वेगळा कापूस दिला.

असेच दिवस गेले. एका सकाळी तिची भुवई हलली. मग बोट. मग डाव्या डोळ्याची पापणी, जराशीच, दार किलकिलं व्हावं तशी. डॉक्टरांनी यंत्राचा जोर कमी करत आणला आणि एके दुपारी नळी काढली. म्हणाले, आता तिचा तिनं श्वास घ्यायचाय, बघू.

मला आत बोलावलं. मी वाकून शिकवल्याप्रमाणे नुसता श्वास सोडला. "मैना गो."

काहीच आलं नाही. मी थांबलो. पुन्हा म्हटलं. काहीच नाही. छाती हलत होती, पण ओ नव्हती. मी पलंगाची कड धरली.

तेवढ्यात सिस्टरनं माझा खांदा हलवला. ती काहीतरी बोलत होती, हळूच, दवाखान्याच्या रीतीनं. मला अक्षर कळेना. तिनं दोनदा सांगून पाहिलं. मग माझ्या कानाशी तोंड आणलं आणि अख्ख्या आय. सी. यू.ला ऐकू जाईल अशी ओरडली,

"बाबाऽऽ! ओ देतेय ती! कधीची देतेय!"

शेजारचं बाळ पुन्हा किंचाळलं. वॉचमन दारात आला आणि सवयीनं त्यानं माझाच दंड धरला.

पुढे मैनाला साध्या वॉर्डात आणलं. आवाज घोगरा झाला होता, पण जीभ पूर्वीचीच. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "आजा, तू यकदाच आलास. पयल्या दिवशी. हाळी दिलीस तवा मला वाटलं, मी घरातच हाय, तू बांधावर हायस. मग भ्या नाय वाटलं."

"आनि मग? रोज येत व्हतो की गो!"

"तू नाय. दुसराच कोन तरी यायचा. फुसफुस करनारा. रडायचा पन." तिनं जरा दम खाल्ला. "त्यानं मला करडू कबूल केलंय. काळं, टिळ्याचं."

दारात भरत उभा होता. आम्हाला घरी न्यायला जीप घेऊन आला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"त्या फुसफुश्याला मी बघतो," मी म्हटलं. एवढं हळू मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो, तरी भरतला ऐकू गेलं.