पुसलेल्या डिस्कवरची वैशाली

भूतबीत मी मानत नाही, आधीच सांगते. 'ताई, मनाचे खेळ' असं लिहायला हात शिवशिवत असतील, त्यांनी खुशाल इथूनच परत फिरावं...

मलकापूरला स्टेशन रोडवर माझा फोटो स्टुडिओ आहे. तेव्हा डिजिटल कॅमेरा नवाकोरा होता. मागच्या गल्लीतल्या वैशालीचा साखरपुडा त्यावरच काढला. अल्बम व्हायच्या आत मुलाकडच्यांनी सोयरीक मोडली. वर मुलाचा मामा गावभर सांगत सुटला, "पोरीले दुसरं ठिकाण येऊ द्या, हे फोटो त्याईले दाखवतो!"

आमच्याकडे सोयरीक मोडली की दोन्ही घरच्यांसमोर निगेटिव्ह जाळायची रीत. माझे बाबा स्टुडिओमागेच जाळायचे. आता निगेटिव्हच नाही! म्हणून सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर बोलावलं. वैशाली आणि तिचे वडील आले, मुलाकडचं कुणीच फिरकलं नाही, मामाही नाही. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं, म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड आणि अख्खी डिस्क, जुन्या माहितीवर नुसती शून्यं लिहून, पुसली. माझी बाकीची कामंही गेली त्यात. जाऊ दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मामा हजर, सोबत पुसलेले फोटो परत काढून देणारा रिकव्हरीवाला.

"आमच्या माघारी पुसलंच काऊन? दाखवा डिस्क!"

माझं डोकंच फिरलं. "घ्या, बसा! एक जरी फोटो सापडला तं दुकानाले कुलूप लावीन!"

बराच वेळ काहीच नाही... आणि मग एक फोटो उघडला.

वैशाली. साखरपुड्याचीच हिरवी साडी. एकटी उभी, खदखदून हसतेय. अहो, पण हा फोटो मी काढलेलाच नाही! त्या दिवशी ती एकदाही हसली नव्हती, आणि मुलाशेजारून तिला कुणी उठूही दिलं नव्हतं.

मामा स्क्रीनला नाक लावून बसला. "आमचा पोरगा कुठी आहे बे यात? अंगठी?"

वैशालीची बोटं मोकळी होती. "बाकी डिस्क कोरी आहे, मामा," रिकव्हरीवाला म्हणाला. मामा तणतणत निघून गेला.

मी वैशालीला बोलावलं. "घाबरू नको वं, आत्ता पुसते."

ती खुर्ची ओढून स्क्रीनजवळ बसली. मग म्हणाली, "काऊन पुसता ताई? यात तं मीच आहो. मोठा करून दुकानाच्या दर्शनी काचेत लावा. पाहू द्या ज्याले पाहायचं त्याले!"

फोटो कुठून आला, मला आजही ठाऊक नाही. कितीतरी कॉम्प्युटरवाल्यांना विचारलं, सगळे मान हलवतात. काचेतून मात्र मी तो काढलेला नाही. मामाला स्टेशनला जायला हाच रस्ता आहे.