तिच्या भाकरीतलं गव्हाचं पीठ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या जाऊबाईंना ओळखत नाही.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं अंग ठणकायचं, उठवत नसे. नेरच्या आमच्या घरात, हळदीकुंकवाला जमलेल्या बायांसमोर मोठ्या जाऊबाई हसत म्हणाल्या, "हिले दुखणं-बिखणं काही नाही वं, कामाचा कंटाळा हाये." सगळ्या हसल्या. त्या दिवसापासून नवऱ्यानं मला दवाखान्यात नेणं बंद केलं. ते हसू मी विसरले असेन? — नाही.

पुढे कित्येक वर्षांनी जाऊबाईच अंथरुणाला खिळल्या. सांधे धरलेले, सदा थकवा. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं — गव्हामुळे आतड्याचं आतलं अस्तर झिजलंय, दुखणं तिथून आहे. गहू कणभरही नको, अस्तर भरून येईल.

स्वयंपाक माझ्याकडे. "तुह्या हातचीच भाकर खाईन मी," त्या म्हणाल्या.

ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकर तुटते. मग त्यात मूठभर गव्हाचं पीठ मिसळायचं, ही आमच्याकडची रीत. पहिल्या दिवशी माझा हात सवयीनं गेला — खरंच सवयीनं. दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी मला सगळं माहीत होतं. मी मूठ जरा मोठीच घेतली.

त्या पथ्य पाळत राहिल्या, झिजत राहिल्या. भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, वैतागले. "दोन वर्षं झाली भाकर खाऊन, आता नाटकं पुरे कर!" ते ओरडले तेव्हा मी परातीत मान घालून थापत होते. जिवाला इतकं गार मला कधी वाटलं नव्हतं.

एकदा त्यांनी माझा हात धरला. "काहून वं, माह्या मनातच असन काय हे दुखणं?"

डोळे भरलेले होते. मी सरळ त्या डोळ्यांत पाहिलं.

"असन, बाई."

मग घरं वेगळी झाली. त्यांची सून त्यांच्यासाठी निव्वळ ज्वारीची भाकर करते. जाऊबाई आता चालतात, बाजारात जातात. भेटल्या की सांगतात, नव्या घरचं पाणी मानवलं.

मी मान हलवते. आणि ते "असन" — अजूनही जिभेवर गोड लागतं.