रिठदच्या शेंगा

आजवर कोणालाही न सांगितलेली ही गोष्ट एका वासापासून सुरू होते. मीठ घालून उकडत ठेवलेल्या तुरीच्या शेंगांचा तो हिरवा, ओलसर, किंचित मातकट दरवळ दाराशीच भेटला की आमच्या वाशीमकडचा कुठलाही माणूस सुखावतो. मी मात्र चप्पल काढता काढता चोरासारखा थबकतो.

एकोणीस वर्षांपूर्वी वडिलांनी रिठद गावची मुलगी पसंत केली, मी मान डोलावली आणि संसार सुरू झाला. भांडणं नव्हती; भांडायलाही शब्द लागतात. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, माहेरी, तिला मृत मुलगी झाली. अशा लेकराचं तोंड आईला दाखवू नये, पुढे विषयही काढू नये, ही आमच्याकडची रीत. भर दुपारी सासरे आणि मी त्या इवल्या देहाला शेतात घेऊन गेलो, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एका बोरीखाली पुरलं आणि हात धुऊन परतलो. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या न बोलण्यावरच आमचं घर उभं राहिलं. अशा पायावर घर उभं राहतंही, हे आश्चर्य नव्हे का?

पुढे मेडशीच्या शाळेत बदली झाली, आणि सकाळच्या एसटीत सहशिक्षिका सुनंदाबाई शेजारी बसू लागल्या. त्यांचे यजमान दूर नोकरीला. त्यांच्याही घरात बोलण्याचा दुष्काळच. वर्षानुवर्षं साचलेलं माझं मन त्या तासाभराच्या खडखडाटात वाहू लागलं. दर पौषात मेव्हणा रिठदहून शेंगांचं पोतं पाठवी. पत्नी त्या उकडून डब्यासोबत देई, आणि मी मांडीवर वर्तमानपत्र पसरून त्या बाईंबरोबर सोलत बसे. “सर, बोलता बोलता अळी खासान,” त्या हसत म्हणत, आणि मला किती वर्षांनी कोणी चिडवलं म्हणून डोळे भरून येत. त्यांचा हात मी कधी हातात घेतला नाही, आणि या निर्मळपणाचा मला केवढा अभिमान! अशाच एका सकाळी मी त्यांना लेकीबद्दल सांगितलं. डोकं भरून काळे केस होते, मिटलेल्या मुठी होत्या, हनुवटी थेट आईची. सांगून इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी वर्गात मुलांना मी दोन कविता जास्त शिकवल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनाही बोलाव, असं पत्नीला मीच सांगितलं. त्या आल्या. निघताना दाराशी पत्नीचा हात धरून, अगदी मायेने म्हणाल्या, “वयनी, सरांनी सांगतलं मले. केस लई होते म्हणे लेकराले. मन घट्ट केलं तुमी.”

बायका गेल्यावर पत्नी ताटात उरलेलं वाण आवरू लागली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “अवो, केस होते तिले?”

मी हो म्हणालो.

“मले कोनी सांगतलं नाही. तिले काहून सांगतलं तुमी?”

काय पवित्र ठेवल्याच्या घमेंडीत मी वावरत होतो, आणि काय लुटून दिलं होतं! ज्या आठवणीवर पहिला हक्क तिचा, ती मी तिच्याच माहेरच्या शेंगा खात खात दुसरीच्या ओंजळीत रिकामी केली होती. त्यानंतर मी आधीच्या गाडीने जाऊ लागलो. सुनंदाबाईंनी कारण विचारलं नाही; सोडलं ते त्यांनाही मुकाट्याने, म्हणजे तिथेही मी माझ्या स्वभावाला जागलोच.

काल पुन्हा पोतं आलं. आज घरभर तोच वास आहे. ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसून सोलते आहे, माझ्यासाठी वेगळी ताटली भरते आहे. सासरे वारले, ती जागा ठाऊक असलेला मी एकटाच उरलो. दर दिवाळीला ती त्या शेतात जाते, त्याच धुऱ्यावरून चालते, तिथली बोरं वेचून पदरात आणते. मी काही पावलं मागे असतो, आणि त्या एका बोरीला वळसा घालून पुढे जातो.

तिची लेक कुठे आहे, ते मी तिला अजून दाखवलेलं नाही.