कूलरमधली बाळंतीण

गोंदियाच्या उन्हाळ्याला भिणारी माणसं घरोघरी सापडतील, पण त्याची वर्षभर वाट पाहणारा माणूस मी एकच पाहिला आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला आला. आमचे भाऊजी मूळचे कामठ्याचे, धान-तांदळाचे व्यापारी, देहानं भरभक्कम. ऊन त्यांना अजिबात सोसत नाही. तरीही उन्हाळा त्यांना हवा असतो, कारण तो आल्याशिवाय कूलर लावता येत नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी सारी गल्ली रंगात बुडालेली असते, तेव्हा भाऊजी मागच्या वाडीत, खिडकीला टेकवलेल्या त्या लोखंडी धुडापुढे बनियनवर उभे असतात. टाकी घासायची, मोटारीला तेल द्यायचं, बाजूच्या जाळीदार ताट्यांमध्ये नवं गवत भरायचं. पहिलं पाणी ताईच्या हातून. बटण मात्र ते स्वतः दाबतात, खिडकीसमोरच्या आरामखुर्चीत येऊन बसतात, पहिली ओली झुळूक तोंडावर घेतात आणि डोळे मिटून म्हणतात, "आता येऊ दे ऊन, किती येते तं."

जगातली प्रत्येक गोष्ट ते कूलरवरून जोखतात. एकदा नात्यातल्या मुलीसाठी स्थळ पाहायला गेले आणि चहा पिऊन लगेच परतले. "पोरगा चांगला आहे. पण कूलरचं तोंड पाहुण्याकडे नाही, घरच्याइनं सोताकडे करून ठेवलं. पोरगी देऊ नका," एवढाच निकाल. मी एसी घेतला तेव्हा कौतुकानं त्यांना घरी बोलावलं. ते खांद्यावर दुपट्टा ओढून तासभर बसले आणि उठताना म्हणाले, "बाबू, तुह्या घरी नुसतं थंड लागते. हवा कुठी आहे?" त्यानंतर मी दोन गल्ल्या सोडून राहत असूनही उन्हाळ्यात त्यांनी माझ्या घरात पाऊल टाकलं नाही.

काही वर्षांपूर्वी ऐन होळीत भाऊजींचा पाय मुरगळला आणि कूलरचा मुहूर्त चैत्रावर गेला. तोवर उन्हं चांगलीच तापली होती. त्या दिवशी मी तिथंच होतो. लंगडत लंगडत ते वाडीत गेले आणि लगेच परत येऊन खुर्चीत बसले.

"काऊन? मोटार जळली का?" ताईनं विचारलं.

"नाही. कूलर भाड्यानं गेला."

आम्ही दोघं धावलो. एका बाजूची ताटी हिवाळ्यातच गळून पडली होती. तिथून होल्याच्या, म्हणजे त्या लहानशा रानकबुतराच्या, जोडीनं आत शिरून मोटारीवर चार काटक्या टाकल्या होत्या. त्यात दोन पांढरी अंडी, आणि त्यांवर बसलेली मादी आमच्याकडे अशी पाहत होती की जणू आम्हीच न विचारता आत आलो होतो. "ठेकेदाराचं काम दिसते," त्या चार काटक्यांकडे पाहत भाऊजी मागून कुजबुजले. त्यांचं कुजबुजणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवसापासून घराचे कायदे बदलले. कुकरची शिट्टी बंद, ताई गंज-पातेल्यात भात शिजवू लागली. मिक्सर बंद, चटणी पाट्यावर. भाजीवाल्यानं त्यांच्या फाटकापुढे ओरडायचं नाही, हात हलवायचा. माझ्या मोटारसायकलीला कोपऱ्यावरच थांबावं लागे, तिथून मी तिला ढकलत आणत असे. भाऊजी स्वतः ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन, हातात पंखा धरून, त्या बंद कूलरसमोरच्याच खुर्चीत बसून राहत. होल्यांमध्ये नर-मादी पाळीपाळीनं अंडी उबवतात हे त्यांना कळलं तेव्हा त्यांची छाती फुगली. "पाह्य, नवराही बसते!" ताई म्हणाली, "पाळी सरली का उठून तं जाते तो. तुमच्यावानी दिवसभर नाही बसत."

दुसरा कूलर आणू म्हटलं, तर त्याच्या आवाजानं जोडी भिऊन उडून जाईल. माझ्याकडे एसीत राहायला या म्हटलं, तर इथं लक्ष कोण ठेवणार? मी एक टोपली घेऊन गेलो आणि म्हणालो, घरटं अलगद उचलून जांबाच्या झाडावर ठेवू. भाऊजींनी टोपली माझ्या हातून काढून घेतली. "बाळंतिणीले कोणी खाटेवरून उचलून झाडाखाली ठेवते का बे? घरात बाळंतीण आहे, जरा हळू बोल."

ताई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ताई-भाऊजींना मूल नाही. दवाखाने झाले, नवस झाले, मग ते बोलणंच बंद झालं आणि आम्हीही विचारायचं सोडून दिलं. त्या घरात हे वाक्य मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी ताईनं मातीच्या ताटलीत पाणी भरून कूलरच्या स्टँडपाशी ठेवलं.

वैशाखाच्या तोंडावर एका दुपारी ताईला घेरी आली. छताचा पंखा भट्टीतली हवा खाली ढकलत होता. मी बर्फ घेऊन पोचलो तेव्हा ताई जमिनीवर ओल्या चादरीवर पडली होती, आणि भाऊजी भिंतीपाशी उभे होते, बोट कूलरच्या बटणावर. "माह्यासाठी ठीक आहे. तुले काऊन जाळू मी?" ते म्हणाले, आणि रडले. ताई उठून बसली, भिंत धरून त्यांच्यापर्यंत गेली आणि तिनं त्यांचा हात खाली ओढला. "राहू द्या. आजउद्या फुटतीन. एवढं सोसलं, आता कायले?"

ताईला मी माझ्याकडे नेलं. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर भाऊजी माझ्या दारात उभे राहिले, चपला न काढता. "दोन्ही," एवढंच म्हणाले. ताई त्याच पावली घरी निघाली. पिल्लं मोठी होईपर्यंत दोघं उकाड्यात शिजत राहिली आणि ऊन वाढल्याची तक्रार मात्र माझ्याकडेच करत राहिली. मग एका सकाळी घरटं रिकामं होतं. भाऊजींनी दिवसभर कूलर लावला नाही. मला वाटलं, पाय दुखत असेल.

त्यानंतर होले त्या कूलरमध्ये आले नाहीत. हिवाळ्यात एका बाजूची ताटी भाऊजी मुद्दाम काढून ठेवतात. होळीचा दुसरा दिवस उजाडला की गवत-पाणी करण्याआधी ते वाडीत जातात, कूलरच्या पत्र्यावर बोटानं हळूच टकटक करतात आणि वाकून विचारतात, "आहे का जी कोणी?"

मग ते थांबतात. त्यांचं ते थांबणं दरवर्षी थोडं लांबतं. आत ताई भिंतीपाशी उभी असते. अलीकडे बटण दाबायचं काम तिच्याकडे आलंय, पण तीही घाई करत नाही.