तिला पायाशी ठेवायचं नव्हतं

आम्ही दोघा नवराबायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे विमानातल्या सीटा निवडल्या. ऑकलंडच्या कडेला टाकानिनीत, पोराच्या घरी, जेवणं झाल्यावर, स्वयंपाकघरातल्या त्या उंच खुर्च्यांवर बसून. त्या खुर्च्यांवर माझे पाय लोंबकळतात, मला त्या कधीच आवडल्या नाहीत. पोराने लॅपटॉप उघडला. पावट्याची शेंग सोलून ठेवावी तसं विमान दिसत होतं आणि आत सगळे चौकोन. निळा चौकोन रिकामा, करडा म्हणजे गेलेला.

"खिडकी मला," ती म्हणाली.

"दर वेळी तुलाच का?"

"तुम्हाला खिडकी देऊन उपयोग काय? डोळा लागला की घोरायचं, आणि जागे असलात की संडास. तुम्ही कडेला बसा."

"आजी गेट्स द विंडो, ऑबव्हियसली," नात म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते.

मग ती पोराला म्हणाली, "माझी ही शेवटची खेप बाबा. गुडघे नको म्हणतात. यापुढे तुम्हीच या तिकडे. म्हणून खिडकी चांगली बघ. पंखावरची नको. या डायवरने मला एकदा पंखावर बसवलंय."

ते खरं आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, जन्मभर एसटीची लाल गाडी चालवली. गाडीत मागे बसलं की हाडं खिळखिळी होतात, चाकावर बसलं की पोट ढवळतं, बसायचं तर दोन्ही चाकांच्या मधोमध. नातीच्या वेळी, दोन हजार बारा साली, पहिल्यांदा इकडे यायचं ठरलं तेव्हा मी पोराला फोनवर हेच ठासून सांगितलं. त्याने ऐकलं. तेव्हा सिंगापूरपासून ऑकलंडपर्यंत तिला खिडकीतून फक्त पंख दिसला. विमानतळावर सून भेटायला पुढे आली तेव्हा ही तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "एवढा पत्रा तर मी डेपोतसुद्धा बघितला असता गं. त्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा?"

परतताना पोराने पंखाच्या मागची खिडकी दिली. दिवसाचं विमान होतं. मी झोपलो होतो. तिने माझं मनगट धरून मला उठवलं. खाली ऑस्ट्रेलिया होता. नुसती लाल माती. घर नाही, झाड नाही, रस्ता नाही. "अहो, महाबळेश्वराच्या वाटेवर असते तशी माती आहे. पण संपतच नाही," ती म्हणाली. मी बघितलं आणि परत झोपलो. ती काचेला कपाळ टेकून ती संपेपर्यंत बसली. नंतर गल्लीत कुणी विचारलं, न्यूझीलंडला काय काय पाहिलंत, तर ही ऑस्ट्रेलियाची माती सांगायची.

पुढच्या खेपेला पोराने एक युक्ती शिकवली. खिडकीची घ्यायची, कडेची घ्यायची आणि मधली सोडायची. मधली कुणाला नको असते, बहुतेक रिकामी राहते, मग पाय पसरा. आमच्या मधे मात्र रग्बी खेळणाऱ्यासारखा एक आडदांड गडी येऊन बसला. आम्ही नवराबायको आहोत हे कळल्यावर बिचारा खुणा करून म्हणाला, मी कडेला सरकतो. हिने मान हलवली. खिडकी सोडायला ती तयार नव्हती आणि मी वाट सोडायला. मग तिने त्याच्या मांडीवरून मला लाडवांचा डबा दिला आणि मधल्या मधे त्यालाही दोन दिले. शेवटी तो आमचा थोरला असल्यासारखा आमच्या दोघांच्या मधे घोरत होता.

तर त्या संध्याकाळी खिडकी तिची, कड माझी, दोन चौकोन पोराने दाबले. "झालं बाई," ती म्हणाली. भांडी धुवायचं मशीन असताना सगळे कप हाताने धुतले आणि झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. दोरीवरचे वाळलेले कपडे आत आणले, सोफ्यावर टाकले, मला म्हणाली, जरा पडते. मी मागच्या दाराशी उन्हात बसलो होतो. चहाला हाक मारायला आत गेलो. अँब्युलन्सवाले लवकर आले. भली माणसं होती, जमिनीवर गुडघे टेकून पुष्कळ झटली. हृदय, म्हणाले. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

आमच्याकडे अस्थी म्हणजे सावडलेली चार हाडं. गाडग्यात मावतात. तोंडाला फडकं बांधून ते गाडगं झाडाला टांगायचं, घरात आणायचं नाही, जमिनीला टेकवायचं नाही. इथे तसं नाही. इथे सगळं माणूस भुकटी करून देतात. पोराने एक करडा प्लास्टिकचा डबा माझ्या हातात दिला. चांगला जड होता.

"हे काय?"

"आई आहे, अप्पा."

"सगळी?"

"सगळी."

मी खाली बसलो.

डबा तिच्याच एका कापडी पिशवीत घालून मागच्या लिंबोणीला टांगला, तर तासाभरात पाऊस. ऊन पडलं म्हणून काढून ठेवलेली छत्री इथे पुन्हा शोधावी लागते, असलं हे गाव. मग गॅरेजमध्ये टांगायचं ठरलं. पण गॅरेज घरात धरायचं की बाहेर? त्याला आतून घरात जायचा दरवाजा आहे. सुनेने तिच्या आईला पुण्याला फोन लावला, ती म्हणाली गुरुजींना विचारा. गुरुजी म्हणजे इथेच माउंट वेलिंग्टन भागात एका ऑफिसात नोकरी करणारा पोरगा, शनिवार-रविवार पूजा सांगतो. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "आतला दरवाजा बंद ठेवा काका, मग बाहेर धरू." सायकलीच्या खुंटीवर पिशवी टांगली. मी रोज बाहेरून वळसा घालून जायचो आणि तिथे खुर्ची टाकून बसायचो.

पोराचं म्हणणं, मी आता इथेच राहावं. तिचंही इथेच करू.

"तिकडे एकटे काय करणार, अप्पा?"

"इथे काय करतो? तू कामाला जातोस, ही कामाला जाते, पोर शाळेत. मी आणि ती बोलत बसायचो. आता कुणाशी बोलू, तुझ्या डिशवॉशरशी?"

"इथे समुद्र आहे. लोक करतात विसर्जन."

"कुठेही चालतं?"

तेव्हा तो खरं बोलला. कुठेही चालत नाही. इथले मूळचे माओरी लोक पाण्याला फार मानतात, जिथे मासे-शिंपले धरून खातात तिथे माणसाची राख सोडलेली त्यांना खपत नाही. ठरलेल्या जागीच सोडायची. मला ते पटलं. त्यांचं पाणी आहे, त्यांनी सांगावं. पण मग आपलंही पाणी आहे की. "तिचं तिकीट घरचं होतं," मी म्हणालो, "तिला घरी नेतो. त्याच विमानाने."

तिचं तिकीट पोराने रद्द केलं. मी शेजारीच बसलो होतो. तिचा चौकोन करड्याचा पुन्हा निळा झाला. मी विचारलं, "डबा विमानात कुठे ठेवायचा?"

"हातातच न्यायचा. कागदपत्रं सगळी आहेत. फक्त उडताना आणि उतरताना मांडीवर चालत नाही. समोरच्या सीटखाली सरकवायचा, नाहीतर वर."

"सीटखाली म्हणजे माझ्या पायाशी."

"तसं नाही, अप्पा…"

"मग कसं? पाय माझे आणि तिथे तुझी आई. चपलांपाशी?"

"वर ठेवा मग."

"आणि वर जागा नसली तर?"

मागच्या खेपेला तिने आणि मी बघितलं होतं. उशिरा आलेल्यांना वरचे कप्पे भरलेले मिळाले आणि त्यांना पिशव्या पायाखाली ढकलायला लावल्या. माझे गुडघे असे, मी सगळ्यात शेवटी पोचणार.

बराच वेळ चाळून त्याने एक जागा काढली. भिंतीला लागून असते ती पहिली ओळ. पुढे सीटच नसल्यामुळे खाली काही ठेवूच देत नाहीत. सगळं वर गेलंच पाहिजे, जागा नसली तर ते लोक करून देतात. तिथे तान्ह्या पोरांच्या आया बसतात. त्या ओळीतली एकच सीट राहिली होती, मधल्या भागात, दोन्हीकडच्या खिडक्यांपासून लांब.

"पण आईला खिडकी हवी होती," पोरगा म्हणाला.

"मला माहीत नाही का?"

खिडकीपाशी पण पायाशी, नाहीतर वर पण खिडकी नाही. ही तिला विचारायची गोष्ट होती. तिने चटकन सांगितलं असतं आणि वर मला दोन शब्द ऐकवले असते. मी गॅरेजमध्ये जाऊन बसलो. परत आलो तेव्हा पोरगा तसाच बसलेला होता.

"दाब," मी म्हणालो.

विमानात मी शेवटचाच पोचलो. वरचा कप्पा एका लेकुरवाळीने जवळजवळ भरला होता. पंजाबी पोरगी, कडेवर तान्हं, दुसरं पायाला मिठी मारून. तिने माझ्यासाठी तिचं सामान सरकवलं. मी पिशवी नीट बसवली. तोवर तिने दुपटी-बाटल्यांचा गठ्ठा उचलला.

"बाबाजी, ये आपके थैले के ऊपर रख दूँ?"

"नको, नको. उसमें मेरी बायको है."

ती हसली. म्हातारा चेष्टा करतोय असं तिला वाटलं असणार. मी हसलो नाही. तिने पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि डोक्यावरून ओढणी घेतली. गठ्ठा तिने स्वतःच्या पायाशी ठेवला. विमानातली बाई येऊन म्हणाली, इथे खाली चालत नाही, वर ठेवा. पोरगी तिच्याशी इंग्रजीत भांडायला लागली. काय बोलली मला कळलं नाही, पण कप्प्याकडे बोट काही तिने दाखवलं नाही, मग फक्त हळू आवाजात काहीतरी सांगितलं. शेवटी त्या बाईने गठ्ठा मागे कुठेतरी नेऊन ठेवला आणि कप्पा हाताने हळू बंद केला. इतर कप्पे धाडधाड लागत होते.

विमान वर स्थिरावल्यावर मी पिशवी काढून मांडीवर घेतली. जेवण आलं ते नको म्हटलं, मधे ठेवायला जागा नव्हती. पंजाबी पोरगी म्हणाली, "मैं पकडूँ थोड़ी देर? आप खा लो." मी नाही म्हटलं. तिने पोळीसारखं काहीतरी होतं त्याचे तुकडे करून माझ्या हातावर ठेवले. ते खाल्लं.

दुपारी कधीतरी खाली ऑस्ट्रेलिया असणार. सगळ्यांनी खिडक्यांचे पडदे ओढून झोपा काढल्या होत्या. मागे दाराशी एक लहान खिडकी असते, तिथवर जावं असं मनात आलं. पण पोरगीच्या मांडीवर तान्हं नुकतंच झोपलं होतं आणि तिच्या दुसऱ्या पोराने माझ्या दंडावर डोकं टाकलं होतं. उठलो असतो तर दोन्ही जागी झाली असती. गेलो नाही. ते राहिलं.

मुंबईत पुतण्या गाडी घेऊन आला होता. घाट उतरून गावी पोचेस्तोवर पिशवी माझ्या मांडीवर होती, मांड्या बधिर झाल्या होत्या. घरापुढच्या शेवग्याला ती टांगली आणि मी बाहेरच खाट टाकली.

सकाळी उजाडल्यावर पुतण्या आणि मी कृष्णेवर गेलो. तो म्हणाला, "काका, मी उतरतो, तुमचे गुडघे…" मी त्याला काठावर उभं केलं. पाणी मांडीपर्यंत आलं तिथे थांबलो. गाडग्यातली हाडं पाण्यात पडली की तळाला जातात, हे मी आईबापाचं केलं तेव्हा बघितलंय. ही भुकटी जाईना. पिठासारखी वर पसरली आणि पाण्याबरोबर खाली निघाली. खालच्या अंगाला तीन-चार बायका धुणं धूत होत्या, घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या.

मी ओरडलो, "बायांनो, जरा थांबा! माझी मालकीण येतीय!"

त्यांनी मान वर करून बघितलं. एकीने आधी काय ते ओळखलं, ती बाकीच्यांना काहीतरी बोलली. त्यांनी कपडे उचलून दगडावर घेतले आणि सगळ्या पाण्याबाहेर झाल्या. लुगडं हातात धरून ओळीने उभ्या राहिल्या.

"कुठून आणलं, दादा?" त्यातल्या म्हातारीने विचारलं.

"लांबून."

"जा बाई," म्हातारी पाण्याकडे बघून म्हणाली, "सावकाश जा."

ती त्यांच्यापुढून गेली, वळणापर्यंत करडी दिसली, मग दिसली नाही. एकीने पुन्हा पाण्यात पाय घातला. मग मी डबा धुवायला वाकलो.