मडीत चालणारा फोन

घरात नवी वस्तू आली की तिच्याबरोबर किस्सेही येतात. मिक्सर आला तेव्हा दोन आले, टीव्हीबरोबर चार. पण कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरला, पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आमच्या मराठी घरात, तो बिनतारी डबा भिंतीवर बसला, त्या वर्षाचे किस्से म्हणजे मुरुक्कूचा, तुमच्या चकलीचा, डबा! संपले म्हणावं, तर तळाशी हात घातला की अजून मूठभर निघतात.

नव्वदीची अखेर होती. कुंभकोणमला एक टॉवर उभा राहिला आणि आसपासच्या खेड्यांना बिनतारी फोन आणि इंटरनेट देणार असं ठरलं. गल्लीत एकच डबा आणि त्याचा एक सुटा फोन, वापरायचा सगळ्यांनी. अट एकच, ज्या घराच्या गच्चीवरून टॉवर दिसेल त्याच घरात तो बसणार. सेल्वम इंजिनियर दुर्बीण घेऊन एकेका गच्चीवर चढत होते. कुठे नारळ आडवा, कुठे चिंच.

आमच्या गच्चीवर चढले आणि ओरडले, "मामी, दिसला! गोपुराच्या शेजारी!"

गोपुर म्हटल्याबरोबर माझ्या सासूबाई गुडघे धरत गच्चीवर हजर. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. दुर्बीण डोळ्याला लावली आणि हात जोडायला ती सोडून दिली! सेल्वमनी वरच्या वर झेलली.

"इतकी वर्षं ह्या घरात काढली गे," त्या मला म्हणाल्या, "आणि इथून गोपुर दिसतं हे ह्या मुलानं सांगावं!"

तेव्हापासून रोज सकाळी स्नान झालं की त्या गच्चीवर. गल्लीत बातमी पसरली, पाट्टी, म्हणजे आजी, रोज टॉवर तपासायला जातात. सेल्वमनी ऑफिसात सांगितलं, "त्या गावात मेंटेनन्सला माणूस नको. आहे!"

*

डबा बसला त्या दिवशी आत्याबाई मडीत होत्या. मडी म्हणजे तुमचं सोवळं. देवाचं होईपर्यंत कशाला शिवायचं नाही. त्या दाराशी उभ्या राहिल्या आणि विचारलं, "तार कुठे आहे?"

"तार नाही, पाट्टी," सेल्वम म्हणाले.

"खांबावरून येत नाही?"

"नाही. हवेतून."

आमचे हे घाबरले. आत्याबाईंनी पोस्टातल्या फोनला जन्मात हात लावला नव्हता. त्यांचं म्हणणं, ती तार गावभर फिरते. सुतकाच्या घराला शिवते, सोयराच्या घराला शिवते. रिसीव्हर धरला की लागलंच!

आत्याबाईंनी डब्याच्या भोवती एक नजर फिरवली. खालून पाहिलं, वरून पाहिलं.

"हवा कुणाला शिवत नाही," त्या म्हणाल्या. "हा मडीत चालेल."

पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी सेल्वमना अडवलं. "आम्हालाही तो मडीचा फोन पाहिजे!"

*

शेजारच्या कमला मामी तमिळ, पण आमच्याकडे बसून बसून मराठी बोलणाऱ्या. उन्हाळ्यात त्यांनी आमच्या गच्चीवर वडाम वाळत घातले. तांदळाच्या त्या पापड्यांवर कावळे येतात, म्हणून काळी छत्री उघडून बांधायची आमच्याकडे रीत आहे. बांधायला सगळ्यात उंच जागा कोणती? डब्याच्या अँटेनाचा खांब!

गल्लीचं इंटरनेट बंद. सेल्वम भर उन्हात कुंभकोणमहून स्कूटरवर आले, गच्चीवर गेले, आणि हसत खाली आले.

"मामी, अँटेनाला काही झालेलं नाही. तिला कुणीतरी छत्री दिली आहे!"

कमला मामींनी लाजून पिशवीभर वडाम त्यांच्या हातात ठेवले. त्यानंतर उन्हाळाभर तक्रार नसतानाही सेल्वम दर आठवड्याला तपासणीला येत.

*

आमचा मुलगा पांडू अमेरिकेत होता, आणि आमच्या सुनेला, सुधाला, दिवस गेले होते. एकादशीला आमच्याकडे भजन असायचं. ह्यांनी रिसीव्हर उचलून मृदंगाशेजारी पाटावर ठेवला. पलीकडे पांडू ऐकत होता. मंगलारती झाली, तबक सगळ्यांपुढे फिरलं. हे उठले आणि "घे रे!" म्हणत रिसीव्हरपुढेही तबक धरून उभे राहिले.

लोक हसू दाबून बसले.

तेवढ्यात रिसीव्हरमधून आवाज आला, "घेतली, अप्पा! जरा मागे धरा, तोंड भाजेल!"

*

सातव्या महिन्यात सुधाला तिकडे बांगड्या भरल्या, आमच्याकडचं डोहाळजेवणच ते. पांडूनं फोटो ईमेलनं पाठवला. बातमी फुटली आणि आमच्या खोलीत बायकाच बायका! कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोटो वरून खाली उतरत होता, एकेक पट्टी करत. आधी छत. मग छत. मग केसांतली फुलं. मग कपाळ.

"चेहऱ्यावर तेज आहे. मुलगी," कमला मामी म्हणाल्या.

"आधी पोट तरी उतरू दे!" आत्याबाई म्हणाल्या.

नाक आलं, हनुवटी आली, गळ्यातलं आलं. आणि पाऊस आला! टॉवर पावसाआड गेला आणि फोटो गळ्यापाशीच थांबला.

बायका पाऊस थांबेपर्यंत बसल्या. मला कॉफी दोनदा करावी लागली. अखेर कमला मामी उठल्या. "जाते मी. बाळच आधी उतरेल!"

*

त्या दिवसापासून मी व्रत धरलं. बाळाचा आवाज ह्या कानांनी ऐकेन तेव्हाच गोड खाईन. पत्रानं नाही, फोटोनं नाही, आवाजच. मनातून भरवसा होता. डबा भिंतीवर होताच.

पण बाळंतपणाची तारीख आली ती नेमकी नवरात्रात. ह्यांनीच जेवताना काढलं, "मुलाचं मूल. आपल्याला दहा दिवस सोयर. ऐकल्या क्षणापासून लागतं. पूजा बंद करावी लागेल, आई."

आत्याबाई ह्या घरात आल्यापासून त्यांचं नवरात्र एकदाही मोडलेलं नव्हतं. कुणाच्या बाजूनं प्रार्थना करावी तेच मला कळेना. मग देवीला म्हटलं, तूच बघ.

सरस्वतीपूजेच्या दिवशी आमच्याकडे पुस्तकं, वीणा, अवजारं सगळं पूजेत मांडतात. मांडलं की विजयादशमीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. सकाळी आत्याबाईंनी स्वतः फोन उचलला आणि वीणेशेजारी ठेवला. चंदन लावलं, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हेही अवजारच की."

त्यांनी असं का केलं ते मला कळलं. मी नैवेद्याचं पायसम, आमच्याकडची खीर, ढवळत राहिले.

पूजा झाली. नैवेद्य दाखवून झाला. ह्यांनी आरतीला कापूर ठेवला आणि फोन वाजायला लागला.

फूल थरथरलं आणि घरंगळून पडलं. कमला मामींनी घंटा तशीच हातात धरली. फोन वाजतोय, वाजतोय. हे माझ्याकडे बघतायत, मी आत्याबाईंकडे. फोन थांबला.

पुन्हा वाजला.

आत्याबाई उठल्या. पूजेतला फोन उचलून त्यांनी कानाला लावला. गालभर ओलं चंदन! पलीकडून पांडूचा आवाज, आणि त्या आवाजाच्या मागून बारीक, चिडलेलं, रसरशीत रडणं. ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

आत्याबाईंनी रिसीव्हर माझ्या कानाशी धरला. मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला.

ह्यांच्या हातात आरतीचं तबक तसंच होतं. "आई," हे हळूच म्हणाले, "आता... सोयर?"

आत्याबाईंनी डब्याच्या भोवती नजर फिरवली. खालून पाहिलं, वरून पाहिलं. मग पायसमची वाटी माझ्या हातात ठेवली आणि ह्यांना म्हणाल्या,

"तार दिसते का तुला कुठे? कापूर लाव!"